जिनिव्हात बोलायचं तर आधी घरची घटना नीट हवी : वाहिन्यांच्या संघटनेला वायपोचा निरीक्षक दर्जा कसा मिळतो

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या वाहिन्यांची कागदपत्रं करताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "आमचा कार्यक्रम सकाळी लागतो आणि दुपारपर्यंत परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर चढलेला असतो. दाद मागायची कुठे?"

देशात उत्तर आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारकाला त्याच्या प्रसारणावर २५ वर्षं हक्क असतो. सीमेपलीकडे मात्र गाडी अडते. १९६१ च्या रोम करारात प्रसारकांना किमान २० वर्षांचं संरक्षण आहे, पण भारताने त्यावर सही केली तरी तो मंजूर केलेला नाही. नव्या कराराची चर्चा जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, कॉपीराइट समितीत १९९८ पासून चालू आहे. निर्णय सरकारं घेतात, पण त्याच सभागृहात प्रसारकांच्या संघटना निरीक्षक म्हणून बसतात आणि बोलतात. ब्रुसेल्सची असोसिएशन ऑफ कमर्शियल टेलिव्हिजन १९८९ साली निघाली, कारण १९५० पासूनची युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही मुख्यतः सार्वजनिक प्रसारकांची होती आणि खासगी वाहिन्यांना आपलं वेगळं व्यासपीठ हवं होतं. लॅटिन अमेरिकेतल्या खासगी प्रसारकांनी तर १९४६ सालीच संघटना बांधली. तिचं मुख्यालय उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओत आहे. आपल्या भागासाठी क्वालालंपूरची एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन १९६४ पासून आहे, तिथे सरकारी आणि खासगी दोघेही असतात.

मराठी वाहिन्यांचा आवाज त्या खोलीत पोहोचायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. एकच वाहिनी असेल तर सरळ दिल्लीच्या इंडियन ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल फाउंडेशनसारख्या तयार संघटनेत जावं. आठ-दहा जण मिळून स्वतःची संघटना काढणार असाल, तर पुढचं वाचा.

आधी पात्रता : आपण प्रसारक आहोत का?

इथेच बहुतेकांची गफलत होते. कायद्याच्या भाषेत प्रसारक म्हणजे माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अपलिंकिंग-डाउनलिंकिंगची, म्हणजे वाहिनीचा सिग्नल उपग्रहावर पाठवण्याची आणि तिथून खाली घेण्याची, परवानगी असलेली कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). पहिल्या मनोरंजन वाहिनीसाठी ५ कोटींची निव्वळ मालमत्ता लागते, वृत्तवाहिनीसाठी २० कोटींची. परवानगी १० वर्षांची असते.

ठाण्यात केबलवर दिसणाऱ्या अनेक स्थानिक वाहिन्या या चौकटीत बसत नाहीत. त्या एमएसओच्या, म्हणजे स्थानिक केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या, स्वतःच्या वाहिन्या असतात; त्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. त्यांची नोंदणी एमएसओ कंपनीच करते, प्रत्येक वाहिनीमागे १,००० रुपये भरून, आणि अशा वाहिन्या त्या एमएसओच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यांचं काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही. नाल्याच्या, पाण्याच्या, रस्त्याच्या बातम्या तेच देतात. पण सदस्ययादीत त्यांना 'प्रसारक' म्हणून घालू नका, सहयोगी सदस्य म्हणून वेगळं दाखवा. यादी तपासली जाते तेव्हा एका चुकीच्या नावामुळे सगळ्या यादीवरचा विश्वास जातो.

संस्था कोणत्या कायद्याखाली?

ओळखीचा रस्ता १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा: सात माणसं जमवायची आणि धर्मादाय कार्यालय गाठायचं. पण त्या कायद्यातले उद्देश धर्मादाय, शिक्षण, कला असे आहेत, व्यवसायाची संघटना त्यात ओढूनताणून बसवावी लागते. माझा सल्ला कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालच्या कंपनीचा. तिच्या उद्देशांत वाणिज्याला चालना देणं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि नफा सदस्यांत वाटता येत नाही, त्यामुळे हेतूबद्दल शंका उरत नाही. अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर होतो. संचालकांचं पॅन, आधार, डिजिटल सही, ऑफिसचं दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल, जागा भाड्याची असेल तर मालकाची ना हरकत, घटनापत्र, नियमावली आणि पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज, एवढं तयार ठेवा.

नियमावलीवर मात्र वेळ घालवा. मी पाहिलेल्या एका संघटनेच्या घटनेत संस्थापक अध्यक्ष तहहयात होते. बाहेर अर्ज करायची वेळ आली तेव्हा सगळी घटना बदलावी लागली, सभा, ठराव, फेरनोंदणी, आणि वर्ष वाया गेलं. वायपोची राष्ट्रीय, म्हणजे एकाच देशातल्या, संस्थांसाठी २००२ ची तत्त्वं सांगतात की घटना लोकशाही पद्धतीने मंजूर झालेली हवी, कायमचं मुख्यालय हवं आणि सदस्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार प्रतिनिधीकडे हवा. म्हणून पदाधिकाऱ्यांची निवडणूक, मुदत आणि 'बाहेर कोण बोलणार' हे कलम पहिल्याच मसुद्यात घाला.

वायपोकडे अर्ज

अर्जासोबत घटनेची प्रत, स्थापनेची तारीख व ठिकाण, पदाधिकाऱ्यांची नावं राष्ट्रीयत्वासह, सदस्यांची पूर्ण यादी, कार्यकारिणीची रचना, उद्देश आणि बौद्धिक संपदेच्या कोणत्या विषयात रस आहे, हे द्यावं लागतं. शेवटच्या मुद्द्यावर 'माध्यम क्षेत्र' असं मोघम लिहू नका. 'प्रसारण संस्थांचे हक्क आणि सिग्नलची चोरी' असं नेमकं लिहा. चर्चेत ठोस भर घालण्याची तुमची क्षमता आहे का, हे त्यातूनच पाहिलं जातं.

राष्ट्रीय संस्थेला प्रवेश देण्याआधी वायपोचं सचिवालय त्या देशाच्या सरकारशी सल्लामसलत करतं. कॉपीराइटचा विषय २०१६ पासून माहिती व प्रसारण किंवा शिक्षण खात्याकडे नाही, तो वाणिज्य मंत्रालयाच्या आताच्या डीपीआयआयटी (उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन) विभागाकडे आहे. अर्जाची प्रत आणि संघटनेची ओळख करून देणारं दोन पानी टिपण तिथे आधीच पोहोचवा. चुकीच्या खात्यात फेऱ्या मारून थकलेली माणसं मी पाहिली आहेत.

अंतिम मंजुरी सदस्य राष्ट्रांच्या वार्षिक सभेत मिळते. तेवढं थांबायचं नसेल तर केवळ कॉपीराइट समितीपुरती तदर्थ, म्हणजे तेवढ्याच कामापुरती, मान्यता मागता येते. ती समिती स्वतःच सत्राच्या सुरुवातीला ठरवते. निरीक्षकाला मत नसतं. अध्यक्षांनी बोलावलं की थोडा वेळ बोलता येतं. प्रवास-मुक्कामाचा खर्च आपला.

त्या थोड्या वेळासाठी आजपासून एक वही घाला. कोणता कार्यक्रम, आपल्याकडे किती वाजता लागला, कुठल्या साइटवर किती वाजता दिसला, त्याचा स्क्रीनशॉट, आणि हटवण्याची नोटीस पाठवल्यावर काय झालं, हे सगळं प्रत्येक सदस्य वाहिनीने तारीखवार लिहून ठेवायचं.