लष्करी विमानखरेदी आणि देशी उद्योग

लढाऊ, मालवाहू किंवा टेहळणी विमाने परदेशातून तयार घ्यावीत की देशातच विकसित करून बांधावीत, यावरून सरकार, हवाई दल, कारखाने, कामगार संघटना आणि पुरवठादार देश यांच्यात चालणारी रस्सीखेच. चर्चा बहुतेक वेळा किमतीची आणि कामगिरीची होते. पण लष्करी विमान तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते. एवढा काळ सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती, नवी क्षेपणास्त्रे बसवण्याची मुभा आणि सॉफ्टवेअरमधले बदल कोणाच्या हाती राहणार, यावर सौद्याचे खरे मोल ठरते.

संबंधितांची घड्याळे वेगवेगळी असल्याने हा वाद कधी मिटत नाही. हवाई दलाला विमान आत्ता हवे असते, कारण जुनी विमाने निवृत्त होत असतात. नव्या विमानाचा आराखडा हाती घेतल्यापासून पहिली तुकडी उभी राहीपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात, तर सरकारचा विचार पुढच्या निवडणुकीपलीकडे क्वचितच पोचतो. देशी विमान नाकारणाऱ्या हवाई दलावर स्वाभिमान नसल्याचा आरोप होतो. तो बहुधा अन्यायाचा असतो, कारण अपुऱ्या विमानातून लढायला वैमानिकालाच जायचे असते. तरी हवाई दलेही अगदी निर्दोष नसतात. विकास चालू असतानाच ती अपेक्षा वाढवत नेतात, त्यामुळे काम लांबते आणि मग त्याच दिरंगाईकडे बोट दाखवून आयातीची मागणी होते.

या प्रश्नाच्या सगळ्या बाजू इस्रायलच्या अनुभवात दिसतात. फ्रान्सकडून घेतलेल्या मिराज विमानांवर त्याच्या हवाई दलाची भिस्त होती आणि आणखी ५० मिराज-५ विमानांची मागणीही नोंदवलेली होती. १९६७ च्या युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी शस्त्रबंदी लादली आणि ही विमाने इस्रायलला मिळालीच नाहीत. त्या धक्क्यातून मिराजच्या धर्तीवर ‘नेशेर’ आणि पुढे ‘क्फिर’ ही विमाने देशातच तयार झाली. क्फिरला मात्र जे-७९ हे अमेरिकी इंजिन होते. १९७७ मध्ये इक्वेडोरला क्फिर विकण्याचा सौदा ठरत आला, तेव्हा इंजिनाच्या निर्यात परवान्यावर बोट ठेवून अमेरिकेने तो रोखला. एका पुरवठादाराच्या कचाट्यातून सुटताना इस्रायल दुसऱ्याच्या हाती सापडला होता. १९८० मध्ये मंजूर झालेल्या ‘लावी’ या पुढच्या विमानाला बराचसा पैसा अमेरिकी मदतीतून मिळत होता. आपल्याच पैशातून आपल्या विमानाला प्रतिस्पर्धी का उभा करायचा, असा सवाल तिकडे उठला, तर खुद्द इस्रायलच्या सैन्यातही वाढत्या खर्चाची धास्ती होती. लावीने १९८६ च्या अखेरीस पहिले उड्डाण केले आणि ३० ऑगस्ट १९८७ रोजी मंत्रिमंडळाने १२ विरुद्ध ११ मतांनी प्रकल्प गुंडाळला. कामगार रस्त्यावर उतरले. हवाई दलाने अमेरिकी एफ-१६ विमाने घेतली. लावीसाठी कमावलेले कसब रडार, विमानातील इलेक्ट्रॉनिक्स आणि चालकरहित विमानांकडे वळले आणि या क्षेत्रांत इस्रायल पुढे मोठा निर्यातदार झाला. त्यामुळे रद्द झालेला प्रकल्प वाया गेला असे सरसकट म्हणता येत नाही.

कॅनडाच्या वाट्याला मात्र उलट अनुभव आला. अ‍ॅव्हरो कंपनीचे ‘अ‍ॅरो’ हे स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, लढाऊ विमान मार्च १९५८ मध्ये उडाले. बाहेर गिऱ्हाईक मिळेना आणि खर्च वाढत चालला, म्हणून डीफेनबेकर सरकारने २० फेब्रुवारी १९५९ रोजी ते रद्द केले. १४,००० च्या आसपास लोकांची नोकरी त्याच दिवशी गेली. तयार विमाने कापून भंगारात काढण्यात आली. काही अभियंते अमेरिकेच्या ‘नासा’त गेले, तर हवाई दलासाठी दोनच वर्षांनी अमेरिकेकडून वापरलेली व्हूडू विमाने आली. लढाऊ विमानाची समूळ रचना करणारा संच कॅनडात पुन्हा उभा राहिला नाही. ब्रिटनने एप्रिल १९६५ मध्ये टीएसआर-२ हे आपले देशी लढाऊ विमान रद्द केले. त्याऐवजी निवडलेले अमेरिकी एफ-१११ स्वस्त पडेल असा हिशेब होता. पण १९६८ मध्ये तीही मागणी मागे घ्यावी लागली. आयात म्हणजे ठरावीक किंमत आणि ठरावीक तारीख, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला.

स्वदेशीच्या बहुतेक दाव्यांची खरी परीक्षा इंजिनापाशी होते. जेट इंजिनातील टर्बाइनची पाती, एकस्फटिकी मिश्रधातूंचे ओतकाम आणि हजारो तासांच्या चाचण्या यांवर मोजक्याच देशांची हुकूमत आहे. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानात अमेरिकी घराण्याचे इंजिन आहे. तुर्कस्तानच्या ‘कान’ या लढाऊ विमानाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिले उड्डाण केले तेही अमेरिकी एफ-११० इंजिनांवरच. ब्राझीलने व्हेनेझुएलाला सुपर टुकानो ही आपली विमाने विकण्याचा बेत आखला होता, पण त्यात अमेरिकी बनावटीचे भाग असल्याने २००६ मध्ये अमेरिकेने परवानगी नाकारली.

भारतात हा धागा ‘मारुत’पासून सुरू होतो. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने रचलेले हे विमान जून १९६१ मध्ये उडाले. सांगाडा वेगवान होता, पण त्यात बसवलेले ऑर्फियस इंजिन त्याला पुरेसे नव्हते. अधिक ताकदीच्या आवृत्तीच्या विकासाचा खर्च उचलायला सरकार राजी झाले नाही. मग इजिप्तच्या ई-३०० इंजिनाचा प्रयोग झाला आणि इजिप्तचा तो इंजिन प्रकल्पच बंद पडला. १४७ मारुत तयार झाली, १९७१ च्या युद्धात लोंगेवालाला लढलीही, पण ज्या वेगासाठी ती आखली होती तो त्यांना कधीच गाठता आला नाही. दरम्यान परवान्यावर बांधलेल्या मिग-२१ ने ताफा भरून काढला. पुढच्या ‘तेजस’ची पायाभरणी १९८३ मध्ये झाली आणि ते जानेवारी २००१ मध्ये उडाले. मधल्या काळात १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर लादलेल्या अमेरिकी निर्बंधांचाही त्याला फटका बसला. कावेरी हे देशी इंजिन अपेक्षित जोर देऊ न शकल्याने तेजसला जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ बसवावे लागले. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला खरा, पण त्यासाठीच्या इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. १२६ मध्यम लढाऊ विमानांची २००७ ची निविदा त्याआधीच बारगळली होती. तीत १०८ विमाने भारतात बांधायची होती. प्रत्यक्षात २०१६ मध्ये ३६ राफेल थेट फ्रान्समध्ये बांधून घेण्याचा करार झाला आणि त्यातील भारतीय भागीदारांच्या निवडीवरून राजकारण तापले.

या दोन टोकांमधला रस्ता म्हणजे परवान्यावर जुळणी, सहविकास आणि ‘ऑफसेट’, म्हणजे सौद्याच्या किमतीचा ठरावीक हिस्सा खरेदीदार देशातील उद्योगात गुंतवण्याची अट. १९७५ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी मिळून एफ-१६ निवडले तेव्हा जुळणीच्या दोन ओळी युरोपातच उभ्या राहिल्या. ऑफसेट फुकट नसतो. विक्रेता त्याचा भार किमतीतच घालतो आणि कागदावरची आश्वासने वर्षानुवर्षे रेंगाळतात. नुसत्या जुळणीतून रचना करण्याची विद्या येत नाही, हेही अनेकांना उशिरा कळले. या वाटेने जाऊन यश मिळवणाऱ्यांत दक्षिण कोरिया ठळक आहे. त्याने एफ-१६ ची परवान्यावर जुळणी केली, मग अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या मदतीने टी-५० हे प्रशिक्षण विमान काढले, त्याची लढाऊ आवृत्ती पोलंड आणि फिलिपिन्सला विकली आणि जुलै २०२२ मध्ये केएफ-२१ हे स्वतःचे लढाऊ विमान उडवले. मागणीत खंड पडू दिला नाही, हे त्यामागचे कदाचित सर्वांत मोठे कारण असावे.

स्वतःची विमाने बांधणाऱ्या बड्या देशांत वादाचा रोख बदलतो आणि प्रश्न मतदारसंघांचा होतो. सुटे भाग जितक्या राज्यांत बनतील तितके लोकप्रतिनिधी प्रकल्पाच्या पाठीशी उभे राहतात. अमेरिकेच्या एफ-२२ या लढाऊ विमानाचे पुरवठादार ४० हून अधिक राज्यांत विखुरले होते. संरक्षण मंत्र्यांनाच आणखी विमाने नको असतानाही, २००९ मध्ये त्यासाठीचा निधी वगळून घ्यायला सिनेटमध्ये मतदान घ्यावे लागले. इंधनपुरवठा विमानांच्या निविदेत २००८ मध्ये युरोपीय एअरबसवर आधारित प्रस्ताव जिंकला, बोइंगची तक्रार ग्राह्य धरली गेली आणि २०११ मध्ये फेरनिविदेत काम बोइंगला मिळाले.

एवढ्या मोठ्या रकमा जिथे फिरतात तिथे दलाली ओघाने येते. अमेरिकी विमान कंपनी लॉकहीडने अनेक देशांत पैसे चारल्याचे १९७६ मध्ये उघड झाले. नेदरलँड्सचे राजपुत्र बर्नहार्ट यांना लष्करी पदे सोडावी लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यावर बंदी घालणारा कायदा केला.

हा निर्णय थेट मतदारांपुढे ठेवण्याची प्रथा स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथे २०१४ च्या सार्वमतात ग्रिपेनखरेदीचा निधी फेटाळला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये सहा अब्ज फ्रँकच्या खरेदीला ५०.१ टक्के मतांनी मंजुरी मिळाली. करारमूल्याच्या ६० टक्के काम स्विस उद्योगांना देण्याची अट प्रस्तावातच होती, मात्र विमान कोणते ते मतदारांना ठरवायचे नव्हते. ते सरकारने पुढच्या वर्षी ठरवले आणि एफ-३५ ची निवड केली.