अठ्ठेचाळीस व्होल्टचे पाच सेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं चार स्क्रू काढले, बॅटरीचं कवच उघडलं आणि पेचकसाच्या टोकानं मोजून दाखवलं. "काका, पाचच सेल हायत की हो ह्यात."

गवत कापायचं ते बिनवायरीचं मशीन मी पावसाळ्याच्या तोंडाला ऑनलाइन मागवलं होतं. बॅटरीवर ठसठशीत '४८ व्होल्ट' छापलेलं. दहा मिनिटांत धाप टाकायचं, म्हणून बिघडलं असेल समजून दुरुस्तीला नेलं. मशीनला काही झालंच नव्हतं, आकडा खोटा होता. मिस्त्रीनं कवच बंद केलं, मार्करनं ४८ वर काट मारून १८ लिहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

तो १८ कुठून आला? अशा हत्यारांत जे लिथियम-आयन सेल असतात, त्यातल्या एकाचा दाब साधारण ३.६ व्होल्ट. हे कंपनीच्या हातात नसतं, आतलं रसायन ठरवतं. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल ४.२ वर असतो, तेव्हा बेरीज २१ होते. त्यामुळे एकाच जातीच्या बॅटरीवर कुणी १८ लिहितं, कुणी '२० मॅक्स', कुणी २१. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात. '२० मॅक्स' हे १८ पेक्षा ताकदवान म्हणून जादा पैसे मोजू नका, एवढंच. पण पाच सेलांतून ४८ व्होल्ट काढायचे तर अंबाबाईलाच साकडं घालावं लागेल. त्याला तेरा सेलांची रांग लागते, आणि ती तळहातावर मावत नाही.

खरं बघायचं ते वॅट-अवर. व्होल्टला अँपिअर-अवरनं (बॅटरीवर 'Ah' छापलेलं असतं त्या आकड्यानं) गुणायचं, की बॅटरीत ऊर्जा किती ते कळतं. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. ३६ व्होल्ट, २ अँपिअर-अवर? तेही ७२. गंमत म्हणजे दोन्ही बॅटऱ्या उघडल्या तर आत तेच दहा सेल सापडतील, अंगठ्याएवढे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एकीत पाच-पाचच्या दोन रांगा शेजारी शेजारी, दुसरीत दहांची एकच रांग. मग ३६ चा फायदा काय? तेवढंच काम करायला करंट निम्मा लागतो, आणि वायरीत होणारी उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती चौथाईवर येते. लॉन मोअर, झाडाच्या फांद्या कापायचा चेनसॉ अशा जड कामाला म्हणून ३६ बरं. अंगणातल्या किरकोळ कामाला १८ पुष्कळ झालं.

आता हे ७२ वॅट-अवर म्हणजे नेमकं किती? एवढी ऊर्जा आठ मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते. दोन चमचेही नाहीत! ऑइल इंजिनांवर वाढलेल्या आपल्या गावात हे ऐकून लोक हसतात, आणि हसावं असंच आहे. पण छोटं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचे पाचातले चार भाग तरी धूर, उष्णता आणि आवाजात घालवतं. बॅटरी-मोटरची जोडी बहुतेक सगळी ऊर्जा पात्यापर्यंत पोचवते. तो हिशेब धरला तरी बॅटरी भरते अर्ध्या कप चहाएवढ्या पेट्रोलच्या आसपास. त्यामुळे शेताचा बांध साफ करायचा असेल तर पेट्रोलचा ब्रश कटरच घ्या, नाहीतर भाड्यानं आणा. बॅटरीच्या नादाला लागू नका.

घराभोवतीचा अर्धा गुंठा, म्हणजे साधारण पन्नास चौरस मीटर, ही मात्र बॅटरीची जागा. गवत कापायचं मशीन जोरात चाललं तर तीनेकशे वॅट ओढतं, म्हणजे ७२ वॅट-अवरवर जेमतेम पाव तास. मेंदीचं कुंपण छाटायचा हेज ट्रिमर त्या मानानं गरीब, शंभरेक वॅटमध्ये भागवतो. सगळ्यात खादाड पानं उडवायचा ब्लोअर. हवा दुप्पट वेगानं फेकायची तर मोटरला आठपट ताकद लागते, कारण दर सेकंदाला हवाही दुप्पट ढकलायची आणि तिला चौपट ऊर्जाही द्यायची. उलटं बघितलं तर वेग निम्मा केला की खर्च आठव्या भागावर येतो. आंब्याची वाळकी पानं कमी वेगावरही निघतात. पावसात फरशीला चिकटलेली कुठल्याच वेगावर धड निघत नाहीत, त्याला खराटाच पाहिजे.

ह्या मशीनला पात्याऐवजी जी कापणीची दोरी असते, ती म्हणजे तर आपलं तंगूसच. मऊ नायलॉन गवत कापतं कसं? पंचवीस सेंटिमीटरचा व्यास आणि मिनिटाला आठ हजार फेरे धरले, तर दोरीचं टोक सेकंदाला शंभर मीटरच्या वर पळतं. गवताच्या पात्याला वाकायला वेळच मिळत नाही, त्याआधी ते तुटतं. त्याच वेगानं खडाही उडतो, म्हणून चष्मा घालायचाच. शेजाऱ्याची गाडी उभी असली तर आधी हलवायला सांगावी.

मशीन घेताना मोटर ब्रशलेस आहे का विचारा. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश घासत राहतात. घर्षणात ऊर्जा जाते, आणि मग कधीतरी 'कार्बन गेले' म्हणून उद्यमनगरची वारी. ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. किंमत जास्त, पण त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालतं.

पहिलं हत्यार घेताना खरं तर तुम्ही बॅटरी निवडत असता. बॉशची बॅटरी मकिताला बसत नाही, मकिताची डिवॉल्टला नाही. घरात आधीच बिनवायरीचं ड्रिल असेल तर त्याच जातीचं नुसतं मशीन घ्यावं. चार्जिंगच्या बिलाची चिंता नको, एका युनिटात अशी बॅटरी दहा-बारा वेळा भरते.

काळजी घ्यायची ती उन्हाची. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी झपाट्यानं म्हातारी होते, आणि काम संपल्या संपल्या गरम असताना चार्जरला लावली तर आणखीच. दिवाळीनंतर गवत थांबलं की ती पूर्ण भरून किंवा पार संपवून ठेवू नये. निम्मी भरून, घरात, गार जागी ठेवावी.

आणि पुराचं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी तळघरं बुडाली. बुडालेली बॅटरी उन्हात वाळवून चार्जला लावायचा मोह होतो, तो अजिबात नको. गढूळ पाण्यातले क्षार आत शॉर्ट करतात, आणि आग काही दिवसांनी, रात्रीसुद्धा लागू शकते. अशी बॅटरी घराबाहेर, पेटण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवायची. घंटागाडीतही टाकायची नाही, कारण कचरा दाबताना सेल फुटला तर गाडीच पेटेल. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला तसं सांगा, आणि घेत नाही म्हणाला तरी ती काउंटरवरून परत आणू नका.