इंजिन हा डबा आहे का? अमेरिकेतल्या कपलर कायद्याची पार्श्वभूमी

1890 च्या आसपास अमेरिकेत मालगाडीचे डबे कडी आणि खिळीने जोडत. ब्रेकमन, म्हणजे ब्रेक लावणारा आणि डबे जोडणारा कामगार, दोन डब्यांच्या मध्ये उभा राही, लोखंडी कडी समोरच्या खाचेत शिरेल अशी हाताने तोलून धरी आणि ती आत जाताच वरून खिळी सोडी. हात काढायला क्षणभर उशीर झाला की बोटे गेलीच. 30 जून 1891 ला संपलेल्या वर्षात 2,660 रेल्वे कामगार मेले, 26,140 जखमी झाले. त्यांतले जवळपास 16 टक्के मृत्यू आणि 36 टक्क्यांहून जास्त जखमा डबे जोडता-सोडताना झालेल्या. त्याच वर्षी 47 तऱ्हांचे कपलर, म्हणजे डबे जोडणारे सांधे, वापरात होते. एका तऱ्हेचा दुसरीशी जुळेलच असे नव्हते, आणि खरी मेख तिथेच होती.

तोडगा नवा नव्हता. बिजागरीवर फिरणाऱ्या जबड्याच्या, म्हणजे नकलच्या कपलरचे पेटंट 1873 चे. दोन कपलर आदळले की उघडी नकल समोरच्या नकलमागे वळून मिटते आणि आतली कुलूपकळ खाली पडते. सोडताना डब्याच्या कडेचा दांडा उचलला की कळ वर येते. अट एकच: दोहोंपैकी एक नकल तरी उघडी हवी. दोन्ही मिटलेल्या असतील तर डबे नुसते आदळतात. दांड्याची साखळी तुटली की माणूस पुन्हा मध्ये. कपलरच्या उंचीत फार फरक पडला तर पकड अपुरी राहते आणि गाडी उंचसखल रुळावर सुटते; म्हणून रुळापासून 31½ ते 34½ इंच ही मर्यादा आली. संक्रमणाच्या काळात जुनी कडी बसावी म्हणून नकललाच खाच पाडत. त्याने नकल कमजोर होई, आणि कडी धरायला हात होताच.

2 मार्च 1893 च्या कायद्याने आंतरराज्य वाहतुकीतल्या डब्यांना धडकेने आपोआप जुळणारे आणि माणूस मध्ये न जाता सुटणारे कपलर सक्तीचे केले. मुदत होती 1 जानेवारी 1898. कंपन्यांनी खर्चाची ओरड करून ती 1 ऑगस्ट 1900 पर्यंत लांबवून घेतली. दंड अवघा 100 डॉलर. त्याहून जड होते आठवे कलम: कपलर बेकायदा असेल, तर 'धोका माहीत असूनही काम केलेस' असे कामगाराला म्हणता येणार नव्हते.

मुदत संपून चार दिवस झाले आणि यूटा राज्यातल्या प्रॉमॉन्टरीला एका ब्रेकमनला भोजनयान इंजिनाला जोडून त्याचे तोंड फिरवून आणायला सांगितले. इंजिनाला नकलचा कपलर, भोजनयानाला जुन्या घडणीचा आकडा. दोन्ही आपापल्या जातीत आपोआप जुळणारे, पण एकमेकांशी नाही. तो कडी-खिळी घेऊन मध्ये शिरला. दोनदा जमले नाही, तिसऱ्यांदा हात चिरडला आणि मनगटाच्या वरून कापावा लागला.

त्याने दावा लावला. 1902 मध्ये अपील न्यायालयाने निकाल रेल्वे कंपनीच्या बाजूने दिला. कायद्यात 'इंजिन' आणि 'डबा' वेगळे लिहिलेत, तेव्हा इंजिन डबा नव्हे. शिवाय प्रत्येक वाहनाला कुठला तरी स्वयंचलित कपलर असला की पुरे, तो समोरच्याशी जुळलाच पाहिजे असे कुठे म्हटले आहे? कायदा दंडात्मक, म्हणून अर्थ काटेकोर लावायचा, असा आधार. हा अर्थ मानला असता तर 47 तऱ्हा सुखेनैव नांदल्या असत्या. डिसेंबर 1904 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने मोडला: 'डबा' (मूळ इंग्रजीत car) हा शब्द रुळांवर चालणाऱ्या वाहनांना लागतो, त्यात इंजिनही येते, आणि कपलर एकमेकांशी जुळायलाच हवेत. फिरवण्यासाठी थांबलेले रिकामे भोजनयानही आंतरराज्य वाहतुकीतच धरले. कायदेमंडळाने मात्र वाट पाहिली नव्हती. 2 मार्च 1903 च्या दुरुस्तीत इंजिन आणि टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) स्पष्ट लिहिले गेले.

त्याच दुरुस्तीने गाडीतल्या किमान 50 टक्के डब्यांचे हवेचे ब्रेक इंजिनचालकाच्या हाती आणले. 1906 पासून हे प्रमाण 75 टक्के. शिड्या, पायऱ्या, हातब्रेक यांचे नियम 1910 च्या कायद्यात आले. 1911 च्या निकालानंतर आंतरराज्य मार्गावर धावणारा डबा राज्यातल्या राज्यात माल नेत असला तरी या कायद्यातून सुटेना.