पल्ला २९० किलोमीटर, नजर तीस किलोमीटर

१९ एप्रिल २०२४ रोजी भारतीय हवाई दलाचं सी-१७ विमान ब्रह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप घेऊन फिलिपिन्समध्ये उतरलं, तेव्हा ती बातमी नाशिकमध्ये जरा जास्तच आनंदाने वाचली गेली. साहजिक आहे. ब्रह्मोस पोटाशी बांधून सुखोई विमान पहिल्यांदा उडालं ते जून २०१६ मध्ये, आपल्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून. फिलिपिन्सला गेलेली क्षेपणास्त्रं मात्र विमानातून सोडायची नाहीत. ती किनाऱ्यावर उभ्या केलेल्या ट्रकवरून सुटतात, आणि ओझरच्या कामाशी त्यांचा थेट संबंध नाही. अभिमान वाटायला हरकत नाहीच. पण त्या बातमीबरोबर एक समज फिरला आणि अजूनही फिरतो आहे: क्षेपणास्त्राचा पल्ला २९० किलोमीटर, म्हणजे आता तेवढ्या अंतरात शत्रूचं जहाज फिरकणार नाही. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगायला राजकारण लागत नाही, दहावीची भूमिती पुरते.

आधी त्या देशाची अडचण पाहू. फिलिपिन्सची जमीन साधारण महाराष्ट्राएवढी, तीन लाख चौरस किलोमीटर. ती ७,६४१ बेटांत विखुरलेली. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातले मासे आणि तळाखालचं तेल-वायू यांवर आंतरराष्ट्रीय कायद्याने त्या देशाचा हक्क आहे, आणि असं पाणी सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर भरतं. म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट समुद्र. तो राखायला २०११ मध्ये त्यांच्या नौदलाकडे सर्वांत मोठं जहाज कोणतं होतं? अमेरिकी तटरक्षक दलाने १९६७ पासून वापरून काढून टाकलेलं एक गस्ती जहाज. त्याला नवं नाव मिळालं ‘ग्रेगोरिओ देल पिलार’. त्यानंतर दक्षिण कोरियाकडून दोन नव्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आल्या, जपानकडून तटरक्षक दलासाठी ९७ मीटर लांबीची जहाजं आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताशी ब्रह्मोसचा सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा करार झाला. लहान देशाने दहा-बारा वर्षांत केलेली ही मोठी झेप आहे.

आता भूमिती. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्याच्या कडेला उभं राहिलेल्या माणसाला क्षितिज फार लांब दिसत नाही. डोळा पाण्यापासून १.६ मीटर उंच असेल तर जेमतेम साडेचार किलोमीटर. मुंबईला चौपाटीवर उभे राहून आपण ज्याला अथांग म्हणतो, तो समुद्र एवढाच असतो. हिशेब सोपा आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रडारसाठी ३.५७ च्या जागी ४.१२ घ्यायचे, कारण रडारच्या लहरी थोड्या वाकतात. त्या का वाकतात तिकडे वळणार आहेच, कारण या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

किनाऱ्यावर ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर रडार बसवलं आणि समोर पाण्याच्या वर चार मीटर उंची असलेली मासेमारी नौका आहे असं धरू. दोन्ही उंचींची क्षितिजं बेरजेत येतात: ४.१२ गुणिले (५.४८ अधिक २), म्हणजे ३१ किलोमीटर. त्यापलीकडची नौका पृथ्वीच्या फुगवट्याआड गेलेली असते. रडारची शक्ती दुप्पट करा, दसपट करा, काही फरक पडत नाही. पाण्याच्या डोंगरातून लहर आरपार जात नाही.

याचं खरंखुरं उदाहरण स्कारबरो शोलचं. फिलिपिन्सच्या लुझोन बेटापासून सुमारे २२० किलोमीटरवर समुद्रात प्रवाळखडकांचं हे एक कडं आहे, आणि त्यावर चीनही हक्क सांगतो. ब्रह्मोसच्या पल्ल्यात ते सहज येतं. पण दिसतं का? आपली कळसूबाई, इगतपुरीच्या हद्दीला टेकलेली, १,६४६ मीटर उंच. ती उचलून लुझोनच्या पश्चिम किनाऱ्यावर ठेवली आणि शिखरावर, देवीच्या देवळाशेजारी रडार लावलं, तरी दहा मीटर उंचीचं जहाज त्याला १८० किलोमीटरपर्यंतच दिसेल. चाळीस किलोमीटर कमीच पडतात. शोलपर्यंत पाहायला अडीच हजार मीटर उंची लागते. म्हणूनच एप्रिल २०१२ मध्ये तिथे आलेल्या आठ चिनी मासेमारी नौका पहिल्यांदा दिसल्या त्या फिलिपिन्स नौदलाच्या टेहळणी विमानाला. ‘देल पिलार’ त्यानंतर तिकडे गेलं.

आता ते लहरींचं वाकणं.

हवेचा अपवर्तनांक (निर्वात पोकळीच्या तुलनेत लहर तिथे किती पट हळू जाते तो आकडा) जवळजवळ १ असतो, नेमका सांगायचा तर जमिनीलगत सुमारे १.०००३. वर जाल तशी हवा विरळ आणि कोरडी होते, म्हणून हा आकडा किंचित घटतो. दर किलोमीटरला साधारण ३९ दशलक्षांश. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटेल. पण लहर आडवी चालली असेल तर तिचा वरचा भाग विरळ हवेतून किंचित वेगाने जातो, खालचा मागे रेंगाळतो, आणि सगळी लहर जमिनीकडे झुकते. किती झुकते? दर किलोमीटरला ३९ दशलक्षांश रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक, सुमारे ५७ अंशांचं). आता पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. १ ला ६,३७१ ने भागलं की १५७ दशलक्षांश येतात, म्हणजे जमीन दर किलोमीटरला तेवढी खाली वळते. ३९ म्हणजे १५७ चा पाव भाग. जमीन चार हिस्से वळते, लहर तिच्यामागे एक हिस्सा वळते, उरतात तीन. त्यामुळे रडारच्या दृष्टीने पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षा सपाट होते, तिची त्रिज्या चार-तृतीयांश पट मोठी भासते. या ४/३ चं वर्गमूळ १.१५, आणि ३.५७ ला १.१५ ने गुणलं की ४.१२ मिळतात. हे पहिल्यांदा स्वतः सोडवलं तेव्हा कागदावर आकडे असे नेमके जुळताना पाहून झालेला आनंद मला आजही होतो.

पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. अपवर्तनांक घटण्याचा हा उतार ३९ ऐवजी १५७ झाला तर? तर लहर पृथ्वीइतकीच वळेल आणि पृष्ठभागाला समांतर जात राहील. त्याहून जास्त झाला तर ती खाली येऊन पाण्यावर आपटेल, परावर्तित होईल, पुन्हा वाकून खाली येईल. क्षितिज हा अडथळाच उरणार नाही. ही कल्पनेतली गोष्ट नाही. उष्ण समुद्रावर हे रोज घडतं. पाण्याला अगदी चिकटलेली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते आणि काही मीटर वर तिचा ओलावा झपाट्याने कमी होतो. अपवर्तनांक ठरवण्यात बाष्पाचा वाटा फार मोठा, म्हणून तो उतार एकदम तीव्र होतो आणि लहरी त्या पातळ थरात कोंडल्या जातात. याला डक्ट म्हणतात. त्याची उंची काही मीटरांपासून तीसेक मीटरपर्यंत असते, आणि तीन सेंटिमीटर तरंगलांबीची, जहाजांवर सर्रास असणारी रडारं त्याचा चांगला फायदा उठवतात.

हवेचा थर असा झाकणासारखा बसतो हे पाहायला समुद्रावर जायची गरज नाही. जानेवारीच्या पहाटे निफाडकडे जा. पारा चार-पाच अंशांवर उतरलेला असतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या असतात, आणि त्यांचा धूर थोडा वर चढून तिथेच आडवा पसरतो. खाली थंड, वर उबदार हवा. समुद्रावर हे काम मुख्यतः बाष्प करतं एवढाच फरक.

या डक्टचा सर्वांत थक्क करणारा अनुभव आपल्या शेजारच्या मुंबईचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे दीड मीटर तरंगलांबीचं एक रडार होतं. उन्हाळ्यात त्याच्यावर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत, दीड हजार किलोमीटरांहून दूरचे. अरबस्तानची कोरडी तापलेली हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरली की एवढा लांबलचक डक्ट तयार होतो. गोंधळ असा की रडार एक स्पंद, म्हणजे लहरींचा छोटा झटका, सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट ठरावीक वेळच पाहतं आणि मग पुढचा स्पंद सोडतं. अरबस्तानचा प्रतिध्वनी परत येईस्तोवर नंतरचे स्पंद निघून गेलेले असतात. यंत्र समजतं, हा प्रतिध्वनी आत्ताच्या स्पंदाचा. मग दीड हजार किलोमीटरांपलीकडचा डोंगर पडद्यावर जवळच्या समुद्रात दिसू लागतो.

हवेत तरंगणारी जहाजं, क्षणात दिसून नाहीशी होणारी गलबतं, यांच्या भुताटकीच्या कथा प्रत्येक किनाऱ्यावर आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रकाशाच्या अशाच वाकण्यातून आल्या आहेत, आणि आजही असा एखादा व्हिडिओ चमत्कार म्हणून पुढे पाठवला जातो. कोणी त्यावरून पृथ्वी सपाट असल्याचंही सिद्ध करू पाहतं. लहान मुलांना असे व्हिडिओ दाखवण्याआधी वरचं पाव भागाचं गणित करून दाखवा, ही माझी कळकळीची विनंती. रडारवरच्या भुतांनी तर युद्धनौकांनाही फसवलं आहे. जुलै १९४३ मध्ये अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांजवळ अमेरिकी ताफ्याने रडारवर दिसलेल्या ठिपक्यांवर मोठ्या तोफांचे पाचशेहून अधिक गोळे डागले. समोर एकही जहाज नव्हतं.

म्हणून डक्टवर भरवसा ठेवून देशाचं संरक्षण आखता येत नाही. तो आज आहे, उद्या वारा फिरला की नाही. खात्रीचा उपाय एकच, डोळा उंच नेणं. तीन हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानाला दहा मीटर उंचीचं जहाज साधारण २४० किलोमीटरवरून दिसू शकतं. मनोऱ्याची उंची दुप्पट केली तर नजर दुप्पट होत नाही, वर्गमूळामुळे ती जेमतेम ४१ टक्क्यांनी वाढते. पण मनोऱ्यावरून विमानात गेलो की उंची शंभरपट होते आणि क्षितिज दहापट लांब जातं.

दिसलं तरी काम संपत नाही, कारण जहाज थांबत नाही. २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर वेगाने जाणारं जहाज दहा मिनिटांपूर्वी दिसलं असेल तर ते आता सुमारे १८७ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतं. बातमी तासाभराची जुनी असेल तर ते वर्तुळ सुमारे ६,७०० चौरस किलोमीटरचं होतं, नाशिक जिल्ह्याच्या चाळीस टक्क्यांहून मोठं. ब्रह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने २९० किलोमीटर पाचेक मिनिटांत कापतं, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार चालू करून लक्ष्य शोधतं. पण त्याला शोधायला सोडायचं कुठे, आणि त्या वर्तुळातल्या डझनभर जहाजांपैकी व्यापारी कोणतं, हे दुसऱ्या कोणीतरी आधी पाहावं लागतं. माझ्या मते लहान देशाने नव्या तोफेआधी नवा डोळा घ्यावा, आणि बातम्यांत नेमकं उलट दिसतं, कारण क्षेपणास्त्राचा फोटो छान येतो आणि टेहळणी विमानाचा येत नाही.

पृथ्वीचा फुगवटा दुबळ्याच्या बाजूनेही उभा राहतो, हेही सांगायला हवं. पाण्याच्या दहा मीटर वरून येणारं क्षेपणास्त्र वीस मीटर उंचीवरच्या जहाजी रडारला एकतीस किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. तिथून जहाजाच्या हातात उरतात साधारण ३३ सेकंद. आणि ते सोडणारा ट्रक तोवर डोंगराआड निघून गेलेला असतो.

रोजचा संघर्ष मात्र क्षेपणास्त्राचा नाहीच. समोर मासेमारी नौका, पांढऱ्या रंगाची तटरक्षक जहाजं आणि पाण्याच्या तोफा असतात. तिथे ब्रह्मोस डागता येत नाही. तिथे लागतं ते दिवसचे दिवस समुद्रात टिकून राहणारं जहाज. जपानमध्ये बांधलेलं ‘तेरेसा मागबानुआ’ २०२२ मध्ये आलं ते यासाठी. (तेरेसा मागबानुआ या स्पेनविरुद्ध लढलेल्या शिक्षिका होत्या. एका शिक्षिकेचं नाव तटरक्षक जहाजाला दिलेलं पाहून फार बरं वाटलं.) २०२३ पासून फिलिपिन्सचं तटरक्षक दल अशा झटापटींची चित्रफीत काढून लगेच जगापुढे ठेवतं. पाहणं आणि पुरावा ठेवणं हेच तिथे शस्त्र झालं आहे.

पण चोरट्याला दिसायचंच नसेल तर? आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सतत सांगणारं एआयएस यंत्र बाळगावं लागतं. ते बंद केलं की जहाज नकाशावरून गायब. अशा ‘अंधाऱ्या’ जहाजांसाठी उपग्रहावरचं रडार उपयोगी पडतं, रात्री आणि ढगांतूनही. त्याच्या प्रतिमेत एक विलक्षण गोष्ट दिसते: चालतं जहाज स्वतःच्या मागे उठलेल्या पाण्याच्या रेघेवर नसतं, बाजूला सरकलेलं असतं. हे रडार एखाद्या वस्तूची जागा प्रतिध्वनीच्या कंप्रतेत पडलेल्या फरकावरून ठरवतं. जहाजाच्या स्वतःच्या वेगाने त्यात भर पडते आणि हिशेब चुकतो. पाण्याची रेघ मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. मग ती रेघ आणि जहाज यांतलं अंतर मोजून जहाजाचा वेग काढता येतो. चुकीतूनच माहिती मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाने फिलिपिन्सशी करार करून आपली अशी उपग्रह-यंत्रणा त्यांना वापरायला दिली.

भारताने हीच वाट हिंद महासागरात धरली आहे. श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, सेशेल्स या देशांत किनारी रडारं उभारायला मदत केली, डॉर्नियर टेहळणी विमानं दिली, आणि डिसेंबर २०१८ पासून गुरुग्रामच्या केंद्रात मित्रदेशांबरोबर जहाजांच्या माहितीची देवाणघेवाण चालते. उपग्रह एकाच जागेवरून पुन्हा जायला काही तास, कधी काही दिवस लावतो, आणि मधल्या वेळात ते वर्तुळ पसरत राहतं. म्हणून विमानांची गरज संपलेली नाही. फिलिपिन्सच्या नौदलाला २०१७-१८ मध्ये जपानकडून पाच टीसी-९० विमानं मिळाली. मूळची ती वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेली, दोन पंख्यांची छोटी विमानं. स्कारबरोवर नजर ठेवायला त्यांचा उपयोग होतो.