लहान विमानांतील मूत्रविसर्जन

एक-दोन इंजिनांच्या चार-सहा आसनी विमानांत सहसा शौचालय नसते. सेसना १७२ सारखे विमान भरलेल्या टाक्यांवर चार-पाच तास उडू शकते, म्हणजे इंधन संपण्याच्या पुष्कळ आधी वैमानिकाला लघवीची निकड भासते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते आणि थंडीत त्याची निर्मिती वाढते. यावर उपाय म्हणून अनेक वैमानिक उड्डाणाआधी पाणीच पीत नाहीत. ही सवय घातक आहे, कारण उंचीवरच्या कोरड्या हवेत शरीरातील पाणी घटले की डोकेदुखी व थकवा येतो, एकाग्रता ढळते आणि कसरतीच्या उड्डाणात गुरुत्वीय भार (जोरदार वळणांत शरीरावर येणारा वाढीव भार) सोसण्याची ताकदही कमी होते. लघवी तुंबवून ठेवलेला वैमानिक उतरण्याची घाई करतो, हा धोका वेगळाच.

सर्वांत साधी सोय म्हणजे रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली. बाळांच्या डायपरमध्ये असते तसे द्रवाचे जेल करणारे रसायन घातलेल्या पिशव्याही मिळतात. त्या सांडत नाहीत. काही विमानांत, विशेषतः ग्लायडरमध्ये (इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांत), नरसाळ्याला जोडलेली नळी विमानाच्या बाहेर काढलेली असते. तिला ‘रिलीफ ट्यूब’ म्हणतात. ती थंडीत गोठू शकते, आणि बाहेर पडलेले मूत्र विमानाच्या धातूच्या भागांवर उडत राहिले तर ते भाग गंजतात. ही साधने दीर्घकाळ पुरुषांचे शरीर गृहीत धरूनच घडवली गेली. पट्टे बांधलेल्या स्थितीत, अंगभर उड्डाणपोशाख असताना स्त्री-वैमानिकांना ती जवळपास निरुपयोगी ठरत, म्हणून त्यांना डायपरवर किंवा पाणी न पिण्यावर भागवावे लागे. ही उणीव गैरसोयीपुरती नाही, ती सुरक्षिततेची आहे.

दीर्घ उड्डाणांच्या विक्रमांत हा प्रश्न टाळताच येत नाही. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी ४ डिसेंबर १९५८ रोजी लास व्हेगासहून सेसना १७२ मधून उड्डाण केले आणि ते ७ फेब्रुवारी १९५९ रोजी, ६४ दिवसांहून अधिक काळानंतर, खाली उतरले. इंधन व अन्न ते खालून धावणाऱ्या ट्रकमधून वर ओढून घेत. शौचासाठी त्यांच्याकडे घडीचे आसन व प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. २०१५ मध्ये आंद्रे बोर्शबर्ग यांनी सौरशक्तीवरील ‘सोलर इम्पल्स २’ मधून नागोया ते हवाई हे अंतर ११८ तासांच्या आसपास एकट्याने पार केले, तेव्हा त्यांचे बसण्याचे आसनच शौचालयाचेही काम करत होते.