ग्रामीण भागातील मोबाइल व्याप्ती

शहरांपासून दूर, विरळ वस्तीच्या भागात मोबाइल सेवा पोहोचवणे, पोहोचलेली टिकवणे आणि कमकुवत असेल तर सुधारणे या कामांचा विचार या नोंदीत केला आहे. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२३ सालच्या आकडेवारीनुसार मोबाइल इंटरनेटचा टप्पाच मिळत नाही असे लोक जगात सुमारे ४ टक्के उरले आहेत. त्यांतले बहुसंख्य ग्रामीण आहेत. टप्प्यात राहूनही इंटरनेट न वापरणाऱ्यांची संख्या याच्या जवळजवळ दहापट आहे. तिथे फोनची किंमत, साक्षरता, भाषा अशी कारणे असतात, आणि नवा टॉवर उभारून ती दूर होत नाहीत. हे दोन प्रश्न वेगळे असले तरी सरकारी घोषणांत त्यांची सरमिसळ फार होते.

मोजमाप. व्याप्ती लोकसंख्येच्या टक्क्यांत सांगतात किंवा भूभागाच्या, आणि दोन्ही आकडे खरे असूनही त्यांतून दोन निराळी चित्रे उभी राहतात. ऑस्ट्रेलियातील टेल्स्ट्रा ही कंपनी आपले जाळे ९९.७ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचल्याचे सांगते; भूभागाच्या हिशेबात तेच जाळे सुमारे ३० लाख चौ. किमी. भरते, आणि देश आहे सुमारे ७७ लाख चौ. किमी.चा. लोकसंख्येचा आकडा माणसाला त्याच्या घरी मोजतो. शेतकरी दिवसभर शिवारात असतो, मालवाहू गाडी दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर असते आणि अपघातही बहुधा तिथेच होतो. त्यामुळे ग्रामीण भागासाठी भूभागाचा आणि रस्त्यांचा आकडाच अधिक प्रामाणिक मानावा लागतो.

कंपन्यांचे रंगीत नकाशे बहुतांशी संगणकाने काढलेले अंदाज असतात. जमिनीचा उंचसखलपणा, टॉवरची उंची आणि प्रक्षेपणाची शक्ती यांवरून उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील फोनला किती संदेश मिळेल, हे त्यात गणिताने काढलेले असते. पत्र्याच्या छपराखाली किंवा जाड भिंतींआड तो बराच घटतो. एलटीई (४जी) जाळ्यात संदेशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि उणे आकडा जितका मोठा तितका संदेश क्षीण; ती उणे ८५ डीबीएमच्या आसपास असली तर फोन चांगला चालतो, उणे ११० ला रडतखडत, आणि उणे १२० च्या खाली बोलणे जवळपास अशक्य होते. पडद्यावरच्या दांड्यांवर मात्र विसंबता येत नाही. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन-उत्पादक आपल्या मनाने ठरवतो, म्हणून शेजारी ठेवलेले दोन फोन एकाच जागी वेगळी रेंज दाखवतात. प्रत्यक्ष मोजणीसाठी गाडीवर यंत्रे बसवून रस्तोरस्ती फिरतात. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय पाहणीत या कामासाठी टपाल खात्याच्या गाड्या वापरल्या गेल्या. गाडी जाते तेवढेच मोजले जाते, ही या पद्धतीची मर्यादा.

रेंज का मिळत नाही. रेडिओलहरींची वारंवारता दुप्पट झाली की मोकळ्या अवकाशातील हानी ६ डेसिबेलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौपट वाढते. त्यामुळे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे दूरवर पोहोचतात आणि झाडी-भिंतींतून बऱ्यापैकी आरपार जातात, तर २,१०० मेगाहर्ट्झच्या वरचे पट्टे गर्दीच्या शहरांत उपयोगी पडतात. मात्र खालच्या पट्ट्यांत रुंदी कमी असते, म्हणून रेंज भरपूर मिळाली तरी वेग बेताचाच राहतो. अनुरूप (अ‍ॅनालॉग) दूरचित्रवाणी बंद झाल्यावर असे पट्टे मोकळे झाले. जर्मनीने २०१० साली ८०० मेगाहर्ट्झचा लिलाव करताना आधी छोट्या गावांत सेवा द्या, मगच मोठ्या शहरांकडे वळा, अशी अट घातली होती. खेड्यांच्या बाजूने टाकलेली इतकी नेमकी अट विरळाच.

पृथ्वीच्या गोलाईमुळे ४० मीटर उंचीच्या टॉवरचे रेडिओ-क्षितिज सपाट प्रदेशातही सुमारे २६ किमी.वर संपते, ऐकणारा फोन जमिनीपासून थोडा उंच असल्याने त्यात आणखी पाचेक किमी.ची भर पडते. डोंगराळ मुलखात हे गणित लागूच पडत नाही. टॉवर तीन किमी.वर असूनही मधे डोंगराची धार आली की खालची वस्ती सावलीत जाते. जुन्या जीएसएम (२जी) पद्धतीत तर अंतराची पक्की मर्यादा होती. संदेश जाण्यायेण्याचा वेळ जमेस धरण्यासाठी ठेवलेली जागा ३५ किमी.ला संपत असे. विशेष सोय केलेली नसेल तर त्यापलीकडच्या फोनला टॉवर दिसला तरी जोडणी मिळत नसे.

‘दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून अधिक शक्तीने बोलतो, तर एलटीई फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटनी. दांड्या फक्त टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो ते दाखवतात. फोनचा आवाज टॉवरपर्यंत जातो की नाही, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून नुसती टॉवरची शक्ती वाढवून दूरच्या गावाचे भागत नाही. अँटेना उंच चढवावी लागते, टॉवरवरील ग्राहकयंत्राची (फोनचा संदेश टिपणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवावी लागते किंवा मधे आणखी एक टॉवर उभारावा लागतो.

टॉवरमागचे जाळे आणि वीज. टॉवरचे उद्घाटन होते, फोटो निघतात आणि महिन्याभरात तो मुका होतो. याचे मूळ बहुतेक वेळा अँटेनात नसते, तर टॉवरला उर्वरित जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्यात किंवा विजेत असते. या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. फायबर सर्वांत उत्तम, पण ती टाकायला खोदकाम लागते आणि रस्तारुंदीत ती हमखास तुटते. सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) दुवे डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर उड्या मारत जातात. साखळीतील एक कडी बंद पडली की तिच्या पलीकडचे सगळे टॉवर एकदम जातात. यातले काहीच शक्य नसेल तर उपग्रह. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असतो, वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद लागतो आणि दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. सुमारे ५५० किमी.वरून फिरणाऱ्या उपग्रहसमूहांनी हा विलंब बराच कमी केला आहे.

विजेची बाजू याहून नाजूक. दुर्गम टॉवर बॅटरी, डिझेल जनरेटर आणि अलीकडे सौर पटलांवर चालतात. डिझेल वर पोहोचवायला रस्ता लागतो, आणि बॅटऱ्या चोरीला जातात. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांनंतर तेथील दूरसंचार नियामकाने पाहणी केली, तेव्हा बंद पडलेल्या केंद्रांपैकी ८८ टक्के ठिकाणी कारण वीजपुरवठा तुटणे हे होते. प्रत्यक्ष आगीत होरपळल्यामुळे बंद पडलेली केंद्रे अवघी १ टक्का होती. नव्या टॉवरइतकाच पैसा जुन्या टॉवरच्या बॅटऱ्यांवर खर्च व्हावा असे वाटायला हे आकडे पुरेसे आहेत.

खर्च आणि धोरण. टॉवर शहरात असो की रानात, उभारणीचा खर्च फारसा घटत नाही. रानात तर रस्ता व वीज धरून तो वाढतोच. त्याच्या टप्प्यातली गिऱ्हाइके मात्र हजारांवरून शेकड्यांवर येतात. ही तूट भरून काढण्यासाठी अनेक देशांनी कंपन्यांच्या उत्पन्नावर आकार लावून किंवा सरकारी तिजोरीतून निधी उभारला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या चिलीच्या निधीने सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्याला काम देण्याची पद्धत रूढ केली. भारतात सार्वत्रिक सेवा दायित्व निधीला २००३ च्या कायदादुरुस्तीने वैधानिक रूप मिळाले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा ‘डिजिटल भारत निधी’ने घेतली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने २४,६८० गावांत ४जी सेवा नेण्याची योजना मंजूर केली.

अनुदान केवळ उभारणीपुरते दिले तर कंपनीला टॉवर बांधण्यात रस राहतो, चालवण्यात नाही. म्हणून चालवण्याच्या खर्चाचा काही वर्षांचा वाटा आणि सेवा अखंड ठेवण्याची अट करारात असावी लागते.

दुसरा मार्ग भागीदारीचा. एका डोंगरावर तीन कंपन्यांचे तीन टॉवर आणि पलीकडच्या खोऱ्यात एकही नाही, ही स्पर्धेची फलश्रुती अनेक देशांनी पाहिली आहे. न्यूझीलंडमध्ये २०१७ साली तिन्ही मोबाइल कंपन्यांनी मिळून ग्रामीण टॉवर उभारणारी सामाईक संस्था काढली. ब्रिटनमध्ये २०२० च्या करारानुसार चार कंपन्या व सरकार यांनी २०२५ अखेरपर्यंत ९५ टक्के भूभागावर किमान एका कंपनीचे ४जी नेण्याचे ठरवले. पेरूत २०१९ पासून एक घाऊक कंपनी खेड्यांत जाळे उभारून ते इतर कंपन्यांना वापरायला देते.

मेक्सिकोतील वाहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो या गावाने मात्र कंपन्यांची वाट पाहिली नाही. २०१३ मध्ये ग्रामस्थांनी रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने मुक्त (ओपन सोर्स) संगणकप्रणालीवर चालणारे स्वतःचे जीएसएम केंद्र उभारले. २०१६ मध्ये अशा आदिवासी सामुदायिक जाळ्यांना तेथे रीतसर परवानाही मिळाला.

घरगुती उपाय. घरात इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी त्या इंटरनेटवरून कॉल करणे, सर्वांत सोपे. छपरावर टॉवरच्या दिशेने रोखलेली बाह्य अँटेनाही पुष्कळ काम करते. टॉवरचा संदेश पकडून तो वाढवून पुढे सोडणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या रिपीटरबाबत सावधगिरी हवी. निकृष्ट यंत्र स्वतःचाच आवाज वाढवत राहते आणि शेजारच्या सगळ्यांची रेंज बिघडवते. म्हणून बहुतेक देशांत परवानगीशिवाय ते लावता येत नाही.

अवकाशातून थेट फोनवर. उंच उडणाऱ्या फुग्यांवरून सेवा देण्याचा गूगलचा लून प्रकल्प २०२१ मध्ये गुंडाळला गेला. त्यानंतर भर आला साध्या फोनशी थेट बोलणाऱ्या उपग्रहांवर. न्यूझीलंडमध्ये २०२४ च्या अखेरीस अशा मार्गाने लघुसंदेश सेवा सुरू झाली. उपग्रहाचा एक झोत फार मोठा भूभाग व्यापतो आणि त्याची क्षमता त्या सगळ्या भागात वाटली जाते, त्यामुळे सुरुवात संदेशांपासून झाली. आकाश उघडे लागते; घरात किंवा दाट झाडीत जोडणी सुटते. संकटसमयी ही सोय अमोल आहे, पण वस्तीच्या गावाला टॉवरचा पर्याय म्हणून ती अजून पुरेशी नाही.

जुनी जाळी बंद होणे. नवे पट्टे मोकळे करण्यासाठी कंपन्या २जी व ३जी बंद करत आहेत, आणि त्याची झळ ग्रामीण भागाला आधी बसते, कारण तिथे जुनी यंत्रे जास्त काळ वापरात असतात. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून उरलेली ३जी सेवा बंद झाली. तेव्हा रोजचे कॉल ४जीवर करणारे, पण आणीबाणीचा कॉल मात्र ३जीवरूनच लावणारे फोन असल्याचे समोर आले, आणि असे फोन जाळ्यावरून बंद करण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे लागले.