दाबून बांधलेला रद्दीचा गठ्ठा पेटत नाही?

रद्दीच्या गोदामांत वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: यंत्रात दाबलेल्या गठ्ठ्यात हवाच नसते, म्हणून तो पेटत नाही, पेटलाच तर वरून पाणी मारलं की विझतो.

यातलं अर्धं खरं आहे. जाड वही विस्तवात टाकली तर कडा काळ्या पडतात, मधली पानं बराच वेळ पांढरी राहतात. गठ्ठाही सावकाशच पेटतो. पण कागदाच्या थरांत थोडी हवा उरतेच, आणि धुमसायला तेवढी पुरते. ज्वाळा नाही, धूर नाममात्र, निखारा मात्र आत सरकत राहतो. थप्प्यांभोवतीचे सुटे कागद आणि धूळ तर चटकन पेट घेतात.

पाणी बाहेरून ओघळतं, गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच विझलेली वाटलेली आग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पुन्हा भडकते. शिवाय भिजलेला कागद फुगतो, जड होतो आणि थप्पी कोसळू शकते. तिच्या पायथ्याशी कुणी उभं राहू नये.

पडताळायचं कसं? थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, त्यामुळे बाहेरून थंड म्हणजे आतून थंड असं नाही. खात्रीचा मार्ग एकच: अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली संशयित गठ्ठा लोडरने, म्हणजे गठ्ठे उचलणाऱ्या यंत्राने, मोकळ्या जागेत न्यायचा, पाण्याची नळी तयार ठेवून तारा तोडायच्या, थर पसरून भिजवायचे. धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, विषारी वायू निघतो, म्हणून बंद शेडमध्ये श्वसनयंत्राशिवाय जायचं नाही.

आपत्कालीन आराखड्यात ही मोकळी जागा आणि रात्रपाळीलाही हजर असणारा लोडरचालक, दोन्ही आधीच ठरलेले हवेत.